भिंतनाना

आमच्या सांगलीच्या इस्पितळात डॉक्टरांना अडवणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे रेकॉर्डरूमचे कारकून नाना. केसपेपरवर 'डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं' एवढंच लिहिलेलं दिसलं, की नाना चष्मा कपाळावर सारून थेट वॉर्डात जायचे आणि विचारायचे, "डॉक्टरसाहेब, भिंत कुठली?" म्हणून सगळे त्यांना पाठीमागे भिंतनाना म्हणत. नानांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

सत्तरच्या दशकात मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. पहिल्याच दिवशी नानांनी स्वतःच्या डोळ्याभोवती बोट फिरवून मला धडा दिला. "खोबण म्हंजी खोली हाय बघ, पोरी. वर छत, खाली जमीन, दोन बाजूंना भिंती. छत मोडलं तर नंबर कवटीच्या पानावर, जमीन मोडली तर चेहऱ्याच्या. कळलं न्हाई तर इचारायचं. अंदाजानं लिवायचं न्हाई." हे नंबर ज्यात बघून केसपेपरवर टाकायचे, त्या आजारांच्या जाडजूड पुस्तकाला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावलेली त्यांना खपत नसे. मला हे सगळं जरा अतीच वाटायचं.

एकदा नाना भाचीच्या लग्नाला कराडला गेले आणि मी माझं शहाणपण पाजळलं. कवठे महांकाळकडचा एक जवान सुट्टीवर आला होता. बैलगाडीचं जू उसळून त्याच्या डोळ्यावर बसलं होतं. केसपेपरवर नुसतंच 'खोबणीचं हाड', आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये. विचारायला कोण थांबतंय! मी कवटीचा नंबर टाकला आणि डिस्चार्जच्या दाखल्यावरही 'कवटीचं हाड' असंच ठोकून दिलं. डॉक्टरांनी घाईत सही केली.

दुसऱ्या दिवशी नाना आले आणि कालचे कागद चाळता चाळता थांबले. "छत मोडलं म्हणून तुला कुणी सांगितलं?" ते एक्स-रे घेऊन डॉक्टरांकडे गेले. छताला धक्काही लागला नव्हता, जमिनीला बारीकशी चीर होती. जवान मात्र दाखला घेऊन नुकताच एसटी स्टँडवर गेला होता.

"त्यो गडी ह्यो कागद पलटणीत दावणार. कवटी म्हटल्यावर घरीच बसवत्याल त्याला," नाना म्हणाले. "तू नवा दाखला टाइप कर. रडायचं ते मागनं रड."

सायकल काढून ते गेले. मी टाइप करत होते आणि बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती. तासाभराने नाना त्या जवानाला कॅरियरवर बसवून घामाघूम परत आले. बस सुटता सुटता थांबवली होती म्हणे.

"आवं नाना, मी वाचलं व्हतं ते," जवान म्हणाला. "म्हटलं, आता नोकरी संपली. घरी काय सांगायचं, ह्याच इचारात बसलो व्हतो."

डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे पाहून सही केली. जवानाने नवा दाखला चांगल्या डोळ्याजवळ धरून दोनदा वाचला. "म्हंजी डोळा बरा झाल्यावर मी जाऊ शकतो?"

"जा की गड्या. पर तपासणी झाली की एक कार्ड टाक."

दोन महिन्यांनी कार्ड आलं. 'हजर झालो. तपासणीत पास. आपणां दोघांना नमस्कार.' नानांनी ते माझ्या टेबलावर सरकवलं. मी पदर तोंडाला लावून सगळ्यांदेखत रडले. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही. नाना म्हणाले, "आता रड, परवानगी हाय."

निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करताना त्यांनी माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. माझाच तो चुकीचा दाखला, त्यावर लाल आडवी रेघ. "तू तयार झालीस की तुझ्या हातानं फाडायचा, म्हणून ठेवला व्हता. फाड आता."

मी तो फाडला नाही. पुढे माझ्या हाताखाली कुणी नवीन आलं, की तो आधी त्यांच्यापुढे ठेवायचे, चूक माझी होती हे सांगायचे आणि म्हणायचे, "जा, डॉक्टरांना विचारून या, भिंत कुठली."