ओटीतला नारळ

लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या फ्लॅटमध्ये पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या पोरीचं डोहाळजेवण झालं, हे नागपूरला कुणाला खरंच वाटेना. पण झालं बाई! ती आमच्या हॉस्पिटलात नर्स, मी तिथेच न्यूक्लिअर मेडिसिनला. तिला सातवा लागला आणि भारतातून राहायला आलेल्या माझ्या सासूबाई हट्टालाच पेटल्या. "माहेर लांब आहे बिचारीचं. आपणच करायचं."

माहेराचीच तर गोची होती. तिकडच्या सरकारने तिच्या आईला दाटीवाटीच्या बेटावरून उचलून एका मोकळ्या बेटावर वसवलं होतं आणि तिथे कधीकाळी ब्रिटिशांनी अणुबॉम्ब फोडून बघितले होते. आई म्हणे, बाळंतपणाला इकडेच ये. हिला धास्ती, तिथल्या मातीपाण्यातून बाळाच्या अंगात काय जाईल कोण जाणे.

आईने जहाजावर नोकरी करणाऱ्या हिच्या मावसभावाबरोबर तिथला एक नारळ पाठवला. तो हिने सरळ माझ्याकडे दिला, "तपास." मी कामावर त्याच्यावरून किरणोत्सर्ग मोजायचा काउंटर फिरवला. टिकटिक नेहमीइतकीच. "पण ढोबळ मशीन आहे हे," मी बजावलं. "एका नारळाने तुला काही होणार नाही. सगळ्या बेटाचं मात्र मला नाही सांगता येणार." तिचा चेहरा पडला तो पडलाच.

डोहाळजेवणाला हिरव्या साडीत काय गोड दिसत होती! सासूबाईंनी ओटी भरायला घेतली आणि मी परत आणून ओट्यावर ठेवलेला नेमका तोच नारळ उचलून तिच्या पदरात घातला. ती दचकली.

"अगं, घाबरतेस काय? आमच्याकडे नारळ दिला की नोकरी जाते, एवढंच!" सासूबाई म्हणाल्या. मी इंग्लिशमध्ये सांगितल्यावर ती खोखो हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आईच्या बेटावर तपासायला येणारे साहेब सांगायचे, सगळं सेफ आहे," ती म्हणाली. "आणि जेवायला स्वतःचे डबे उघडायचे. तू खाशील?"

त्या साहेबांचा मला असा संताप आला! तिथल्या तिथे नारळ फोडला. पाणी सासूबाईंनी पिऊन टाकलं, मी खोबऱ्याचा भलामोठा तुकडा तोंडात कोंबला. ती माझ्याकडे बघत राहिली.

मग तिने हात पुढे केला. "दे. माझी आई रोज हेच खाते. बाळंतपणाला मी तिच्याकडेच जाणार."