शिऱ्याची घंटा

अख्ख्या भिवंडीत स्वतःच्या घरावर काडीचा विश्वास नसलेला एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा! आमचे वरचे काका. बिल्डिंगला परवानगी तीन मजल्यांची, काका पाचव्यावर. "कायद्याने मी हवेत राहतो," असं स्वतःच सांगायचे. तळमजल्यावर लूम, त्यामुळे चोवीस तास घर थरथरायचं. आम्हाला सवय. काका मात्र कुणाकडेही चहाला गेले की आधी भिंतीवर टकटक करून कान लावायचे, मग बसायचे, तेही दाराजवळ. ताईला बघायला पाहुणे आले, तर यांनी त्यांना टॉर्च मारून आमच्या किचनमधला तडा दाखवला! "मुलगी छानच आहे हो, फक्त या बीमखाली बसू नका."

धोकादायक इमारतीची नोटीस खाली लागली होती. तिच्यावर कुणीतरी ट्यूशनची जाहिरात चिकटवली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जिना म्हणजे गोडाऊनच! चपलांचे स्टँड, सायकली आणि दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या लूमवाल्या शेठचे कापडाचे तागे. काका भांडायला गेले तर शेठ म्हणतो, "गिरेगी तब देखेंगे ना, काका!"

"देखने के लिए बचेगा कौन?"

काकांना एकच ध्यास, बिल्डिंग पडो, माणसं बाहेर पाहिजेत. म्हणून एका रविवारी त्यांनी सरावाची घंटा वाजवली. कोणीच उतरलं नाही. खाली एकटे काका, आणि वरून काकू ओरडतायत, "अहो, वर या, लोक हसतायत!" मग काकांनी डोकं लावलं. दर पौर्णिमेला सत्यनारायण, तोही समोरच्या मोकळ्या जागेत. घंटा वाजली की शिरा, उशिरा येणाऱ्याला नुसतं तीर्थ! तुपाने थबथबलेला, केळं घातलेला शिरा हो! बिल्डिंग धावायला लागली. एकदा शेठ स्वतःच्याच ताग्याला अडखळला आणि तीर्थावर राहिला. दुसऱ्या दिवशी जिना मोकळा.

आणि एका दुपारी, पौर्णिमा नसताना, घंटा वाजली. काकांना जिन्याजवळच्या बीममधून खडी गळताना दिसली होती. लूमच्या खडखडाटात कामगारांना घंटा ऐकू जाणार नाही, म्हणून यांनी आत घुसून मेन स्विचच बंद केला; लूम थांबले, कामगार बाहेर. आम्ही सगळे वाट्या घेऊन खाली. "शिरा किधर है?" शेठ विचारतोय. काका नुसते एकेक चेहरा बघतायत.

"ही कुठाय?"

"आलेय हो, मागे उभीये!" काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यात बिल्डिंगचा अख्खा कोपरा खाली बसला. धूळ निवळली तरी कुणाच्या हातातली वाटी खाली गेली नव्हती.

नंतर उरलेली बिल्डिंगही पाडली. आम्ही कशेळीला नव्या टॉवरमध्ये आलो, काका-काकू अंजूरला लेकीच्या बैठ्या घरात. परवा भेटायला गेलो.

"काका, इथे पौर्णिमेला घंटा?"

"कुणाला खाली बोलवू? इथं सगळे खालीच राहतात." मग म्हणाले, "तुझ्या मजल्यावर कोण कोण आहे रे?"

मला एकाचंही नाव सांगता येईना. काका मग आत बघून म्हणाले, "अगं, याला शिरा बांधून दे. मजल्याला पुरेल एवढा दे."