सोमनाथच्या मेंदूचा फोटो

वडगाव निंबाळकरचा सोमनाथ ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस ओढतो. मागं एकदा ऐन हंगामात त्याची झोप उडाली, जीभ सुटली. भरल्या ट्रॉल्या रस्त्यात सोडून ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभा राहून भाषण करायला लागला. पुढं कित्येक दिवस अंथरुणातून उठला नाही. डॉक्टर म्हणाले, बायपोलर. गोळ्यांनी गाडी रुळावर आली.

यंदा डोकं दुखायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. दुसरं काही नाही ना, एवढंच बघायला. रिपोर्ट नॉर्मल आला.

त्याचे वडील अप्पा कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी पेढे वाटले. येईल त्याच्यापुढं ती काळी फिल्म उन्हात धरायचे.

"बघा सर्जेराव, कुठं डाग हाय का?"

"मला तर फ्लॉवरचा गड्डा दिसतोय," शेजारचे सर्जेराव म्हणाले.

"गड्डा चांगला हाय न्हवं? मग झालं. सोम्या, बंद कर गोळ्या."

सोमनाथलाही तेच हवं होतं. गोळीनं हात थरथरायचा. बायकोला, तेजश्रीला, न सांगता त्यानं गोळ्या सोडल्या.

हंगाम सुरू झाला आणि तो पहाटे उठून ट्रॅक्टर धुऊ लागला. धुतलेला पुन्हा धुऊ लागला. एका सकाळी हातातला पाइप तसाच वाहता ठेवून तेजश्रीला म्हणाला, "लई बरं वाटतंय मला. म्हणून भ्या वाटतंय. गोळ्या सोडल्यात मी."

तिनं नळ बंद केला, ट्रॅक्टरची चावी काढून घेतली आणि नवऱ्याला नि अप्पांना घेऊन बारामतीला डॉक्टरांकडं गेली.

"फोटोत काय न्हाय, मग आजार कुठाय?" अप्पांनी डॉक्टरांना विचारलं.

"शेकडो आजाऱ्यांचे फोटो शेकडो बऱ्या माणसांच्या फोटोंशी ताडले, तर सरासरीत फरक दिसतो. मेंदूचा वरचा थर कुठं कुठं जरा पातळ, आतला एखादा भाग किंचित लहान. एकट्याच्या फोटोवरून नाही सांगता येत. दोन रानांतल्या उसाच्या साखर-उताऱ्यात थोडा फरक असतो ना? मग एकच कांडं चोखून ते कुठल्या रानातलं, सांगाल?"

"न्हाय," अप्पा म्हणाले. "एकाच रानात गोड-अगोड असतंय."

परतताना एसटीत अप्पांनी फिल्म पुन्हा एकदा खिडकीच्या उजेडात धरली. "मग दिसायचं तरी कशात?"

"घरात दिसतं, अप्पा," तेजश्री म्हणाली. "तुमालाबी दिसलं असतं. तुमी फिल्म बघत बसला."

हंगाम निम्मा सरला तेव्हा सर्जेराव पाहुण्याला घेऊन आले. "अप्पा, ह्यांना दावा की तो फोटो."

"त्यात काय कळत न्हाय. बसा. ह्याची गोळी होऊ द्या, मग च्या घेऊ."

सोमनाथनं गोळी घेतली, तांब्याभर पाणी प्याला. मग हळूच म्हणाला, "अप्पा, ट्रॅक्टरची चावी?"

अप्पांनी सुनेकडं पाहिलं. "तिला इचार."