सुरुंगाचा कौल

त्या वर्षी गोवा घटकराज्य झालं होतं. डिचोलीतल्या आमच्या गावात भिंतींवर राजभाषेच्या घोषणा अजून ताज्या होत्या, त्यातल्या काही मीच रंगवलेल्या. पार पेडण्यापर्यंत मी पत्रकं वाटत फिरले होते. पण देवळाखालचं आमचं शेत खाणीला मातीचे ढीग टाकायला हवं होतं, त्याबद्दल कुठल्याच पत्रकात एक ओळ नव्हती.

बाबांना काही ठरवता येईना. आसपासच्या गावांतले लोक लग्न, विहीर, वाटणी, सगळं आमच्या देवीला विचारतात. बाबांनीही कौल लावला. भटजींनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं: शेत राखायचं तर उजवी पाड, सोडायचं तर डावी.

पाकळ्या पडेनात. सकाळ सरली. बाबा उपाशी, हात जोडून तसेच उभे. खाणीवर ट्रक चालवणारा काका खांबाला टेकून मला म्हणाला, "बाय, तुझ्या पत्रकावर देवीची सही घे गो, काम बेगीन होतलां." लोक हसले.

तेवढ्यात खाणीवर दुपारचा सुरुंग उडाला. देऊळ हादरलं, समया थरथरल्या आणि डावी पाकळी खाली आली.

"देवीन कौल दिलो," काका म्हणाला.

"देवीन न्हय, खाणीन दिलो!" मी ओरडले. "भटजी, परत लावा!"

"दिलेला कौल परत मागत नाहीत." भटजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"बाबा, तुमी तरी सांगा! तुमका आवाज आयकाक येवक नाय?"

"आयकलो," बाबा म्हणाले. "देवीनंय आयकलो. तिच्या मनात असतां तर तिना पाकळी धरून ठेवली असती."

 

घरी येऊन बाबा जेवले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "औंदा शेत पेरूचा नाय."

वायंगणाचं, म्हणजे हिवाळी भाताचं बी आईने आधीच भिजवून बांधून ठेवलं होतं. कोंब फुटलेलं बी परत कणगीत जात नाही. ती टोपली घेऊन अंगणात गेली आणि कोंबड्यांना हाका मारू लागली. मी धावत जाऊन तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.