जगदाळे हवालदारांचा प्रश्न

१९७७ च्या ऑक्टोबरात आमची बटालियन सिक्कीमला गेली. मी सिग्नल प्लाटूनमध्ये लान्स नाईक होतो. पोस्ट साडेबारा हजार फुटांवर. आठ माणसं, दोन बंकर, एक रेडिओ सेट आणि खाली कंपनी हेडक्वार्टरपर्यंत टाकलेली टेलिफोन लाइन.

मी खाडीकाठच्या बोनकोड्याचा. वडील मिठागरात काम करायचे. सकाळी धुकं विरळ झालं की उतारावरचा बर्फ दिसायचा. क्षणभर वाटायचं, आपण बांधावर उभे आहोत, मिठाचे ढीग चमकतायत, पलीकडे खाडी आहे. मग कोणीतरी चहाला हाक मारायचं. तो सगळा हिवाळा मी असाच अर्धा इथे, अर्धा तिथे होतो.

सहाला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्चावर. सातला रेडिओ चेक. नऊला लाइन टेस्ट. दुपारी तीन ते चार माझा अभ्यास. शिकवायचे पोस्ट कमांडर हवालदार जगदाळे, साताऱ्याकडचे. मी सातवीत शाळा सोडलेली आणि बढतीची परीक्षा दोनदा नापास झालेलो. ते कधी रागावले नाहीत. चुकलेलं गणित खोडून पुन्हा घालायचे, एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्यांनी विचारलं, पेन्शननंतर काय करणार? मी म्हणालो, गावाजवळ कारखाने येतायत, कुठेतरी गेटवर उभा राहीन.

"ते मिळेल ते झालं," ते म्हणाले. "तुला काय हवंय ते विचारलं मी. कागदावर लिही. उद्या दाखव."

मी तासभर कागद घेऊन बसलो. नाव लिहिलं, नंबर लिहिला. पुढे काही सुचेना. असं मला आयुष्यात कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नऊच्या टेस्टला लाइन बंद लागली. जगदाळे, सिपाही मोरे आणि सिपाही खोत तुटलेली जागा शोधायला निघाले. मी सेटवर. दहा चाळीसला त्यांचा आवाज आला.

"लाइन पार्टी टू बेस. ब्रेक मिल गया. जोड रहे हैं. ओव्हर."

"बेस. रॉजर. ओव्हर."

मग मराठीत, "पाटील, लिहिलंस का? ओव्हर."

"नाही साब. ओव्हर."

"आल्यावर बसू. घाई नाही. आउट."

दहा पन्नासला वरच्या उतारावरचा बर्फ सुटला. आवाज फार मोठा नव्हता. सेटवर नुसती खरखर राहिली, भरतीचं पाणी चिखलातून वर येतं तशी. मी एक वाजेपर्यंत कॉल देत होतो. खालून रेस्क्यू पार्टी आली. तिघेही संध्याकाळपर्यंत सापडले. लाइन जोडलेली होती.

१९८४ मध्ये मी नाईक म्हणून पेन्शनवर घरी आलो. नव्या शहरासाठी सरकारनं घेतलेल्या भातशेतीत सेक्टरचे दगड रोवले होते. धाकट्या भावानं तळोज्याच्या एका कारखान्यात माझ्यासाठी गेटची नोकरी बोलून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी मी खाडीवर जाऊन बसलो. ओहोटी होती. पाणी पार मागे जाईपर्यंत बसून होतो. मग एक वाक्य आलं, सरळ, कोणीतरी सांगितल्यासारखं: मला शिकायचंय आणि शिकवायचंय. घरी येऊन ते लिहून काढलं. सहा वर्षं लागली होती.

सोमवारी मी गेलो नाही. भाऊ म्हणाला, "दादूस, या वयान कोन शालेन जातंय? लोकं हसतील."

लोक हसले. भाऊ दोन महिने बोलला नाही. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलो. गणितात पहिल्यांदा गेलो, दुसऱ्यांदा सुटलो. मग बेलापूरच्या एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो आणि संध्याकाळी सहाला देवळाच्या मंडपात वर्ग सुरू केला. पहिल्या आल्या मासळी विकणाऱ्या चांगुणाबाई. जमिनीच्या सरकारी नोटिशीवर त्यांनी अंगठा दिला होता, आत काय लिहिलंय ते ठाऊक नसताना.

"मना नाव लिवाला शिकव," त्या म्हणाल्या. "अंगठा पुरं झाला."

पावसाळ्यापर्यंत अकरा जणी झाल्या. माझा भाऊ आपणहून कंदील आणून लावू लागला.

त्या वर्षी मी जगदाळेंच्या पत्नीला पत्र लिहिलं. शेवटच्या दिवशी साहेबांनी काय विचारलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, सगळं कळवलं. महिन्यानं उत्तर आलं. अक्षर मोठं, एकेक सुटं लिहिलेलं.

त्यांनी लिहिलं होतं: "ते होते तेव्हा मला वाचता येत नव्हतं. त्यांची पत्रं पोस्टमनभाऊ ओट्यावर वाचून दाखवायचे, सासूबाई शेजारी असायच्या. ते गेल्यावर मी लेकीकडून अक्षरं शिकले. आता पत्रं एकटी वाचते. प्रत्येक पत्रात माझ्यापुरत्या दोन-तीन ओळी आहेत. पोस्टमनभाऊ त्या गाळायचे."