आतली कडी

फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात फळ्यावर कविता लिहीत होते. माझ्याच शाळेतल्या मैत्रिणीच्या, सुमेधा मेश्रामच्या, भावाच्या मुलीचा फोन. ‘मावशी, आत्या गेली,’ एवढंच ती बोलली आणि मागे सावंगीच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत राहिला. मी खडू ठेवला. कवितेची शेवटची ओळ तशीच राहिली... कोण गेलं ते मुलांना माझ्या तोंडावरून कळलं असावं.

त्याच आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. आमच्या संस्थेचे सचिव माईकवर म्हणाले, ‘मेश्राम मॅडम म्हणजे अत्यंत शांत, संयमी, सगळ्यांना सांभाळून घेणारं व्यक्तिमत्त्व.’ मला हसू आलं आणि लगेच संताप आला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोला ना, पण खरं बोला. सुमेधा शांत नव्हती. संयम तिच्यात औषधालाही नव्हता. आणि सगळ्यांना तर तिनं कधीच सांभाळून घेतलं नाही. ती फक्त लेकरांना सांभाळायची, आणि त्यापायी या सचिवांची झोप तिनं कित्येकदा उडवली होती. त्यांना ते आठवत नसेल तर मी आठवण करून देते.

ती गिरडजवळच्या खेड्यातली. बाप शेतमजूर, पण पोरीला बीएस्सी बीएड करून सोडलं त्यानं. मी वर्ध्यातल्या कापड दुकानदाराची मुलगी, गिऱ्हाईकापुढे आवाज चढवायचा नाही हे शिकत वाढलेली. आमचं जमावं असं काही नव्हतं. पण ती रुजू झाली त्या दिवशी मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये न येता खुर्ची उचलून व्हरांड्यात जाऊन बसली, आणि डबा मांडीवर उघडला. मी विचारलं, ‘इथं काऊन बसली बाई, आत पंखा आहे.’

‘आत लेकरं येत नाईत,’ ती म्हणाली.

झालं. तेव्हापासून तिचा डबा व्हरांड्यातच. आणि लेकरं यायची, बाप्पा, किती यायची. कोणाच्या मांजरीला पिल्लं झालेली, कोणाचा दात हलत असलेला, कोणाच्या काकाने नवी मोटारसायकल घेतलेली. सुमेधा घास हातात धरून सगळं ऐकायची. भाजी थंड होऊन जायची. एकदा मी वैतागून म्हटलं, ‘अगं, जेव तरी. मांजरीचं काय ऐकायचं?’ ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच पाचवीत आहे. म्हणाली, ‘कुंदा, आज मांजरीचं नाई ऐकलं, तं उद्या दुसरं काही झालं तं ते लेकरू कोणाले सांगन?’

ते ‘दुसरं काही’ एक दिवस आलंच. सातवीतली एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही. सुमेधाने ते स्टाफरूममध्ये कधी उच्चारलं नाही, मीही उच्चारणार नाही. खो-खोत ती तालुक्यात पहिली. ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, मले खेळ सोडाचा हाय.’ बस, एवढंच. माझ्यासारखी असती तर ‘का गं, अभ्यास जड जातो का?’ विचारून मोकळी झाली असती. सुमेधाने डबा बंद केला. तिला शेजारी बसवलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मुलगी रडायला लागली तेव्हा म्हणाली, ‘सांगाचं असन तं सांग. तू जे सांगशीन ते मी खरं मानीन. पण कोणालेच सांगणार नाई असं वचन मी तुले देत नाई. तुले वाचवाले ज्याले सांगा लागन, त्याले मी सांगीन.’

खेळाचे सर, आणि मैदानाच्या टोकाची ती सामानाची खोली. दाराला आतून कडी होती. याहून जास्त मी लिहीत नाही, आणि वाचणाऱ्यानं जास्त विचारूही नये.

सुमेधाने मुलीच्या घरी आणि मुख्याध्यापकांना सांगितल्यावर आमच्या संस्थेने जे केलं ते आमच्याकडची मोठी माणसं नेहमीच करतात. बैठक बोलावली. चहा, बिस्किटं, मुलीचे आईबाप एका बाजूला, तो माणूस दुसऱ्या बाजूला. तो माफी मागणार, बाप मान हलवणार, विषय संपणार. शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण असंच मिटवतात, म्हणून हेही तसंच मिटेल असं त्यांना खरंच वाटत होतं. त्यात कोणी म्हणालं, मुलीलाही बोलवा, तिच्या तोंडून एकदा ऐकू. सुमेधा उठून दारात आडवी उभी राहिली. ‘लेकरू त्याच्यासमोर येणार नाई. माह्या अंगावरून जा लागन तुमाले.’

सचिवांनी समजुतीच्या सुरात सुरुवात केली. शाळेचं नाव, मुलीचं पुढचं आयुष्य, उद्या लग्न व्हायचं... झाकली मूठ सव्वा लाखाची.

‘मुठीत लेकरू हाय, साहेब,’ सुमेधा म्हणाली. ‘गुदमरून राह्यलं ते.’

आणि तिनं मुलीच्या आईचा हात धरला. बापही उठला. बाहेर येऊन आम्ही ऑटो केला आणि पोलीस ठाण्यात गेलो. मी सोबत होते. तक्रार नोंदवली गेली, त्या माणसाला अटक झाली, पुढे कोर्टात शिक्षाही झाली.

पण त्याआधी सुमेधालाच शिक्षा झाली. तिची बदली संस्थेच्या दूरच्या शाळेत केली. स्टाफरूममध्ये कुजबूज, हिला आधीपासून वरच्या जातीच्या सरांचा राग होता म्हणे. हे ज्यांनी म्हटलं ते शोकसभेत पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बसले होते. तिच्या कानावर ते गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मले जात शिकवू नका. ते मी तुमच्यापेक्षा जास्त शिकून आली हाव.’ आणि सकाळची एसटी पकडून ती गेली. मुलीने मात्र शाळा सोडली. घरात बसून राहिली. सुमेधाला खरा घोर तिचा होता. फोनवर दर वेळी एकच, ‘आली का ती? आली का?’

शेवटी मुलींच्या आया शाळेच्या फाटकासमोर येऊन बसल्या. मॅडमला परत आणा, नाहीतर आमच्या पोरी उद्यापासून घरी. पटसंख्या घसरणार म्हटल्यावर संस्थेला एकदम न्याय सुचला. सुमेधा परत आली, आणि पहिल्याच दिवशी पर्समधून पेचकस काढून खोल्याखोल्यांतून फिरली. सामानाची खोली, प्रयोगशाळा, वाचनालय, मुख्याध्यापकांची केबिनसुद्धा. सगळ्या दारांच्या आतल्या कड्या तिनं स्वतःच्या हातानं काढल्या. मुलींच्या संडासांना मात्र नव्या मजबूत कड्या बसवल्या. जिथं लेकराला लावायला हवी तिथं कडी, जिथं मोठ्यांना लागते तिथं नाही. सचिव ओरडले, ही संस्थेची मालमत्ता आहे. तिनं सगळ्या कड्या त्यांच्या टेबलावर ओतल्या. ‘घ्या तुमची मालमत्ता.’

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती मुलगी दप्तर घेऊन फाटकातून आत आली. थेट सामानाच्या खोलीपर्यंत गेली. आत जाऊन दार लावून, परत ओढून बघितलं. आणि मैदानात उतरली. सुमेधा व्हरांड्यात डबा घेऊन रडत होती, आणि मला म्हणत होती की भाजी तिखट झाली.

मूत्रपिंडाच्या आजाराने ती गेली. सावंगीला मी शेवटची भेटले तेव्हा हातात सुया, आवाज पार खोल गेलेला. मला वाटलं काही निरवानिरवीचं बोलेल. ती म्हणाली, ‘उशीखाली पर्स हाय. त्यातला पेचकस घे.’ मी म्हटलं, ‘अगं, आता कशाला?’ म्हणाली, ‘मी गेल्यावर लावतीन ते. पाहत राहजो.’

लावलीच. शोकसभा संपवून मी मैदानाच्या बाजूने निघाले तर सामानाच्या खोलीच्या दाराला आतून चकचकीत नवी कडी. विचारलं तर म्हणे, सामान चोरीला जातं. बाहेरून कुलूप आहेच की. चोर काय आत बसून कडी लावतो? तिच्या फोटोवरचा हार अजून सुकला नव्हता. भर मधल्या सुटीत, सगळ्या शाळेसमोर, मी पेचकस काढला. गिऱ्हाईकापुढे आवाज न चढवणारी मी. एक स्क्रू तर निघता निघेना. पण काढली. सचिवांच्या टेबलावर ठेवली आणि त्यांना सांगितलं, पुन्हा लावा, मी पुन्हा काढीन. नोकरी घालवायची तर घालवा, पेचकस माझ्याकडेच राहील.

मग स्टाफरूममधून माझा डबा उचलला आणि व्हरांड्यात तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. पहिला घास घेते न घेते तोच पाचवीतला एक मुलगा खांबाआडून पुढे आला. थोडा घुटमळला...

‘मॅडम, आमच्या बकरीले पिल्लं झाले.’

मी डबा बाजूला ठेवला. ‘सांग,’ म्हटलं.