गाडीच्या काचेतून इझनिक

प्रिय नातवंडांनो, इझनिकला आजी गाडीत झोपून राहिली, असं तुमच्या बाबाने फोनवर सांगितलं, म्हणून आजच लिहायला बसले. मी झोपले नव्हते.

"आई, काठावर शेवाळ आहे. तू गाडीतच बस."

"तुर्कस्तानात गाडी बघायला आले का रे मी?"

तो हसला, काच चार बोटं खाली केली आणि दारं लॉक करून गेला.

समोर तळं होतं. उथळ पाण्याखाली जुन्या चर्चचा पाया दिसत होता. आपण चर्चमध्ये आपला विश्वास सांगणारा जो मतांगीकार म्हणतो, त्याचे शब्द सतराशे वर्षांपूर्वी याच गावात, बिशपांच्या सभेत ठरले. तो इथे एकदा म्हणायचा, एवढ्यासाठी मी आले होते. पण मतांगीकार बसून म्हणत नाहीत. दार उघडेना आणि छत डोक्याला लागत होतं. एकेका शब्दावरून इथे किती बिशप भांडले असतील. त्यांच्यावरून केव्हाच पाणी गेलं, आणि मी एका दारापाशी अडले होते. शेवटी पुढची सीट घट्ट धरून, मान वाकवून, जमेल तेवढी उभी राहिले आणि सगळा मतांगीकार म्हटला.

त्या चर्चच्या भिंती उरल्या नाहीत. पाया आहे, आणि नगरला आपली माणसं दर रविवारी अजून उभी राहून तेच शब्द म्हणतात.